तीन मीटरांच्या आत

एमजी कॉमेट या विजेवरच्या गाडीची लांबी 2974 मिलिमीटर आहे, तीन मीटरला सव्वीस मिलिमीटर कमी. आपल्याकडे छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली गाडी, हा हिशेब 2006 च्या अर्थसंकल्पाने पक्का केला. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत किंवा डिझेल इंजिन 1500 सीसीच्या आत असेल, तर उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्के झालं. तेव्हापासून बहुतेक कंपन्यांनी ही मर्यादा शेवटच्या मिलिमीटरपर्यंत वापरली. 3995 मिलिमीटर लांबीच्या कितीतरी गाड्या आज रस्त्यावर आहेत. सवलत तर मिळवायची, पण गाडी दिसायला मोठी हवी, असा तो आग्रह. कॉमेट त्या मर्यादेच्या मीटरभर अलीकडेच थांबते. नियमाने मागितलेलं नसताना एवढी जागा सोडून देणाऱ्या गाडीकडे जरा थांबून पाहावं असं मला ती घेण्याआधीपासून वाटत होतं, आणि आता ती रोज बेंगळूरुच्या कोरमंगलात चालवताना त्या मीटरभर जागेची किंमत नीट कळते आहे.

या गाडीचं रसग्रहण करायचं तर तिच्या कर्त्यांनी सुरुवातीला ठरवलेली गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. शहरात दोन माणसांना ऐसपैस बसवून न्यायचं आणि गरज पडली तर मागे आणखी दोघांची सोय करायची, हे त्यांनी पक्कं केलं आणि बाकी सगळं त्या कामाला जुंपलं. लांबी, दारं, चाकं, बॅटरी, आसनं, जे काही दिसतं त्याचं उत्तर या एका निर्णयात सापडतं. सगळ्यांना सगळं देऊ पाहणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत हा ठामपणा मला फार मोलाचा वाटतो.

ही परंपरा जुनी आहे. दान्ते जियाकोझा यांनी 1957 साली रचलेली फियाट 500 नेमकी एवढीच, 2.97 मीटर लांब होती. दोन सिलिंडरचं इंजिन मागे आणि इटलीतल्या जुन्या शहरांच्या गल्ल्या समोर. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये अलेक इसिगोनिस यांची मिनी आली. सुएझच्या पेचानंतर पेट्रोल महागलं होतं, तेव्हा त्यांनी इंजिन आडवं बसवलं, दहा इंची चाकं गाडीच्या चार कोपऱ्यांत ढकलली आणि मधली सगळी जागा माणसांना देऊन टाकली. लहान गाडीचं व्याकरण तिथे ठरलं. आपल्याकडे 10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीत नॅनोवरचा पडदा उघडला. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या अभियंत्यांनी घडवलेल्या त्या 3.1 मीटरच्या गाडीतही इंजिन मागे, चाकं बारा इंची आणि आत चौघांची खरीखुरी बैठक होती. नॅनोच्या किमतीबद्दल एवढं बोललं गेलं, की तिच्या रचनेचं कौतुक करायचं राहूनच गेलं.

बेंगळूरुने तर या परंपरेत आपलं स्वतःचं पान जोडलं आहे. कोरमंगलाच्या कडेने जाणाऱ्या होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडून पुढे गेलं की बोम्मसंद्र लागतं. चेतन मैनी यांची रेवा तिथे तयार व्हायची. मैनी उद्योगसमूह आणि अमेरिकेतली अमेरिगॉन यांनी 1994 साली मिळून सुरू केलेल्या त्या प्रयत्नाची गाडी 2001 साली रस्त्यावर आली. दोन दारं, पुढे दोन मोठी माणसं, मागे दोन मुलं, गिअर नाहीत, शिशाच्या बॅटऱ्या आणि एका चार्जमध्ये साधारण 80 किलोमीटर. लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिकचे पत्रे, त्यामुळे बारीकसारीक धक्क्याने पोचे पडायचे नाहीत. हीच गाडी लंडनमध्ये जी-विझ या नावाने धावली. 2010 साली महिंद्राने कंपनी घेतली आणि 2013 मध्ये लिथियम बॅटरीची ई2ओ आणली. विजेवरच्या गाड्यांसाठी धोरण आखणारं कर्नाटक हे 2017 साली देशातलं पहिलं राज्य ठरलं. या शहरातल्या जुन्या लोकांना दोन दारांची, विजेवर चालणारी ठेंगणी गाडी पाहून आश्चर्य वाटत नाही, याचं कारण हे आहे.

कॉमेटचं घराणं मात्र वेगळं आहे. चीनमध्ये 2020 साली वुलिंगने होंगग्वांग मिनी नावाची चिमुकली विजेची गाडी आणली आणि ती तिथे तुफान खपली. त्याच विचारातून वुलिंगची एअर ईव्ही 2022 साली इंडोनेशियात आली. तिचंच भारतीय रूप गुजरातेतल्या हालोलच्या कारखान्यात बनू लागलं आणि एप्रिल 2023 मध्ये 7 लाख 98 हजारांच्या सुरुवातीच्या किमतीला बाजारात आलं.

आता गाडीकडे बाजूने पाहा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2010 मिलिमीटर आहे, म्हणजे एकूण लांबीच्या जवळपास 68 टक्के. 2024 च्या स्विफ्टमध्ये हेच प्रमाण साडेत्रेसष्ट टक्क्यांच्या आसपास भरतं. मूळ मिनीत ते 67 टक्के होतं आणि नॅनोत तर 72. चाकांच्या पुढे आणि मागे लोंबणारा भाग जितका कमी, तितकी आतली जागा जास्त. कॉमेटचं पुढचं नाक जवळजवळ नाहीच, कारण तिथे इंजिन नाही. मोटर मागच्या आसावर आणि बॅटरी माणसांच्या पायांखाली आहे. त्यामुळे उभ्या काचेखालून गाडी सरळ रस्त्याकडे उतरते. उंची 1640 मिलिमीटर आणि रुंदी फक्त 1505, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. असं प्रमाण पहिल्यांदा पाहिलं की डोळ्याला खटकतं, हे कबूल करायला हवं. पण आत बसल्यावर त्या उंचीचा अर्थ लागतो. लांबीत जी जागा सोडली ती उंचीत परत मिळवली आहे. माणूस पाय पसरून बसण्याऐवजी खुर्चीत बसावं तसा ताठ बसतो, आणि ताठ बसलेल्या माणसाला लांबी कमी लागते.

जमिनीचा हिशेब केला तर कॉमेट साडेचार चौरस मीटरपेक्षा किंचित कमी जागा व्यापते. स्विफ्टला 6.7 लागतात. म्हणजे दोन स्विफ्ट उभ्या राहतात तेवढ्या जागेत तीन कॉमेट. कोरमंगलासारख्या वस्तीत हा आकडा नुसता कागदावर राहत नाही. इथली आखणी घरांच्या प्लॉटसाठी झाली होती. आता त्याच प्लॉटवर चार-चार मजले, खाली हॉटेलं, वर कचेऱ्या आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांच्या रांगा आहेत. रस्ता वाढला नाही, गाड्या वाढल्या आणि प्रत्येक नवी गाडी आधीच्यापेक्षा रुंद होत गेली.

मला या गाडीत सर्वांत जास्त आवडतं ते तिचं वळणं, आणि ते मोजून दाखवता येतं. तिची वळणाची त्रिज्या 4.2 मीटर आहे, म्हणजे पुरं वळण घ्यायला 8.4 मीटर लागतात. स्विफ्टची त्रिज्या 4.8, तिला 9.6 मीटर हवेत. आता इथला चाळीस फुटी क्रॉस रोड घ्या. चाळीस फूट म्हणजे 12.2 मीटर. एका कडेला गाड्या लावलेल्या, दुसऱ्या कडेला स्कूटरी आणि एखादी नारळपाण्याची हातगाडी. मधे उरतात नऊ-सव्वानऊ मीटर. तिथे दुसऱ्या गाडीला पुढे-मागे करावं लागतं, मागून येणारे रिक्षावाले हॉर्न वाजवतात आणि चालवणाऱ्याला घाम फुटतो. कॉमेट स्टिअरिंग पूर्ण फिरवून एका दमात वळते. मागच्या चाकांना मोटर असल्यामुळे पुढच्या चाकांवर फक्त दिशेचं काम आहे, म्हणून ती एवढी तिरकी होऊ शकतात. सोनी वर्ल्ड सिग्नलजवळच्या आतल्या गल्ल्यांतून किंवा जवळच्या कॉलेजच्या रस्त्यावरून संध्याकाळी गाडी काढावी लागली की या 1.2 मीटरच्या फरकाचं महत्त्व पटतं.

दाराकडेही असंच बारकाईने पाहावं लागतं. गाडीला दोनच दारं असल्यामुळे ती लांब आहेत. लांब दार अरुंद जागेत उघडायला त्रास होतो, हा दोन दारांच्या गाड्यांचा जुना अडथळा. इथे त्यावर तोडगा रुंदीतून काढला आहे. अपार्टमेंटच्या तळघरातला कप्पा साधारण अडीच मीटर रुंद असतो. पावणेदोन मीटर रुंद गाडी लावली की दोन्ही बाजू मिळून पाऊण मीटर उरतो, तोही खांबाने खाल्ला नाही तर. कॉमेट लावली की पुरा एक मीटर उरतो. ती वाढीव जागा त्या लांब दाराच्याच कामी येते. मागचं, सामानाचं दार उघडायला मात्र कसलीच चिंता नाही. पाच मीटरच्या कप्प्यात दोन मीटर मोकळेच असतात.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती प्रकाश. पुढची काच उभी आणि मोठी, बाजूच्या काचाही मोठ्या, आणि आतला रंग फिका. गाडी लहान आहे ही जाणीव पाचेक मिनिटांत मागे पडते. जमीन सपाट आहे. समोर सव्वादहा इंची दोन पडदे एका पट्टीत बसवले आहेत. डावा नकाशा आणि गाण्यांचा, उजवा वेग आणि बॅटरीचा. मला जास्त आवडले ते त्यांच्याखालचे एसीचे गोल खटके. रस्त्यावरून नजर न काढता बोटांना सापडतात. पडद्यांच्या नादात हे खटके काढून टाकणाऱ्या महागड्या गाड्या मी पाहिल्या आहेत, म्हणून इथे त्यांचं अस्तित्व मोलाचं वाटतं.

आमच्या घरी बसण्याच्या जागेवरून कधी वाद झाला नाही.

"आई, तुम्ही पुढेच बसा. मुलं मागे जातील."

"पुढेच बसते गं. इथून रस्ता कसा मोकळा दिसतो! आणि उतरताना गुडघ्याला ताण नाही बघ."

सासूबाईंचं हे निरीक्षण कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा अचूक आहे. बॅटरी जमिनीखाली असल्यामुळे आसन उंचावर आहे. वयस्क माणसाला गाडीत उतरावं लागत नाही आणि बाहेर पडताना चढावंही लागत नाही. बाजूला सरकलं की आत, पाय बाहेर टाकले की उभं. इथल्या गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जाताना काठापदराची साडी नेसून गाडीत बसणं हीसुद्धा एक कसोटी आहे, आणि तिला गाडी पुरेपूर उतरते.

गाडी सुरू करायची म्हणजे ब्रेक दाबायचा आणि गोल खटका फिरवायचा. मोटरची ताकद 42 पीएस, म्हणजे कागदावर फारच कमी. पण 110 न्यूटन-मीटरचा जोर मोटर पहिल्या क्षणापासून देते. पेट्रोल इंजिनाला त्यासाठी आधी वेग धरावा लागतो. म्हणून सिग्नल हिरवा झाल्यावर पहिल्या तीस-चाळीस मीटरांत ही गाडी सहज पुढे निघते, आणि शहरात त्याच तीस-चाळीस मीटरांना महत्त्व असतं. क्लच नाही, गिअर नाही, थरथर नाही. होसूर रस्त्याकडून सिल्क बोर्ड चौकाकडे सरकणाऱ्या रांगेत डाव्या पायाला काहीच काम उरत नाही. घरी पोचल्यावर पाय भरून आलेले नसतात.

पाय उचलल्यावर काय होतं, हा या गाडीतला सर्वांत सूक्ष्म आनंद आहे. ॲक्सिलरेटर सोडला की मोटरचं काम उलटं होतं. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि बॅटरीत परत टाकते. त्या ओढीने गाडीचा वेग कमी होतो. ही ओढ कमी, मध्यम किंवा जास्त, अशी तीन पायऱ्यांवर ठेवता येते. मी जास्तवर ठेवते. थोड्याच दिवसांत पायाला अंदाज येतो, की पुढच्या गतिरोधकाच्या किती आधी पाय उचलला तर ब्रेक दाबावा लागणार नाही. इथे गतिरोधकांची कमतरता कधीच नसते, त्यामुळे हा सराव चांगला होतो. पेट्रोलची गाडी गर्दीत जास्त पिते आणि महामार्गावर कमी. विजेची गाडी नेमकी उलटी वागते. थांबत-चालत जाणाऱ्या रस्त्यावर ती गेलेल्या शक्तीतला काही भाग परत मिळवते आणि सलग वेगात मात्र हवेशी झगडण्यात वीज खर्च करते. या शहरातली वाहतूक जणू तिच्याच स्वभावाची आहे.

बॅटरी 17.3 किलोवॉट-तासाची. प्रमाणित चाचणीतला पल्ला 230 किलोमीटर. एसी लावून, गर्दीत, चढउतारांवर तो दोनशेच्या आत येतो, 180 धरून चालावं. घरच्या सोळा अँपिअरच्या प्लगवर 3.3 किलोवॉटने पूर्ण भरायला सात तास लागतात, म्हणजे रात्री लावा, सकाळी काढा. वाटेत वाया जाणारी वीज धरून वीसेक युनिट लागतात. इथल्या वीज कंपनीचा, बेस्कॉमचा घरगुती दर सहा रुपयांच्या आसपास धरला तर शंभर किलोमीटरला सत्तर रुपयांच्या आत भागतं. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. गर्दीत लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला त्याच अंतरासाठी जवळजवळ दहापट पैसे लागतात. मात्र घरी प्लग हवाच. अपार्टमेंटच्या असोसिएशनची परवानगी, मीटरपासून कप्प्यापर्यंतची जाड वायर, स्वतःचा एमसीबी आणि अर्थिंगची तपासणी, एवढी कामं गाडी बुक करण्याआधी उरकून घ्यावीत.

रसग्रहणात उणिवांकडे डोळेझाक करायची नसते. त्या कुठून आल्या हे पाहायचं असतं. मागच्या आसनावर जायचं तर पुढचं आसन सरकवून, वाकून शिरावं लागतं. मुलांना ते खेळासारखं वाटतं, मोठ्यांना सोयीचं नाही. मागे कोणी बसलं की सामानाला जागा उरत नाही. आसन पन्नास-पन्नास दुमडतं. एक भाग पाडून बीडीए कॉम्प्लेक्समधून आठवड्याची भाजी आणि किराणा आणता येतो, दोन्ही पाडले तर मोठ्या सुटकेसही मावतात. म्हणजे या गाडीत चार माणसं येतात किंवा दोन माणसं आणि त्यांचं सामान येतं. दोन्ही एकदम येत नाही. तीन मीटरच्या आत राहायचं ठरवलं तेव्हाच ही निवड झाली होती.

चाकांचंही तसंच. बारा इंची चाकामुळे वळण छोटं होतं आणि आत जागा मिळते, पण लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं हा साधा भूमितीचा नियम आहे. म्हणून खराब रस्त्यावर वेग कमी ठेवायचा आणि टायरमधली हवा वेळच्या वेळी पाहायची. पावसाळ्यात कोरमंगलाच्या चौथ्या ब्लॉकच्या सखल भागात पाणी साचतं. तिथे ठेंगण्या गाडीने वळसा घालून जाणंच बरं.

महामार्ग हे या गाडीचं क्षेत्र नव्हे. जलद डीसी चार्जिंगची सोय तिच्यात नाही. 2024 पासून काही प्रकारांत 7.4 किलोवॉटचं एसी चार्जिंग आलं, तरी पूर्ण भरायला साडेतीन तास लागतातच. म्हैसूर साधारण 145 किलोमीटरवर आहे. एका चार्जमध्ये पोचता येईल, पण मग दुपार चार्जिंगपाशी जाईल. आणि ट्रक-बसच्या वेगात तीन मीटरची हलकी गाडी, दोन एअरबॅगांच्या भरवशावर, मी नेणार नाही. माझं माहेर मिरजेचं. तिकडे जायचं तर राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे. रात्री गाडीत झोपावं, उजाडल्यावर उत्तर कर्नाटक खिडकीतून पाहावं. घरातली मोटार त्या कामासाठी नाही, हे एकदा मान्य केलं की तिच्याबद्दलची एकही तक्रार उरत नाही.

आपण वर्षातल्या दोन-चार लांबच्या प्रवासांसाठी गाडी निवडतो आणि उरलेलं वर्षभर ती एकट्याने शहरात फिरवतो. पाच आसनांच्या, पावणेदोन मीटर रुंद गाडीत एक माणूस, बाजूच्या आसनावर लॅपटॉपची पिशवी. ऐंशी फुटी रस्त्यावर सकाळी नऊला हेच दृश्य असतं. नाक्यावर अडकलेल्या त्या रांगेतली बरीचशी लांबी रिकाम्या आसनांची असते. कॉमेटने आपल्याला रोज लागते तेवढीच गाडी काढून दिली आणि ती नीट, नेटकी, आनंदाने चालवावी अशी केली. मिनी, नॅनो, रेवा या प्रत्येकीने हाच प्रश्न आपापल्या काळात सोडवायला घेतला होता. त्या उत्तरांतलं आजच्या भारतीय शहराला सर्वांत जवळचं उत्तर मला हे वाटतं.

माझा निवाडा सरळ आहे. रोजचं जाणं-येणं शंभर किलोमीटरच्या आत, घरी हक्काचा प्लग, बहुतेक वेळा गाडीत दोघंच, आणि गावाला जायला रेल्वे, बस किंवा दुसरी गाडी असेल, तर मोठ्या गाडीचा हप्ता भरू नका, ही घ्या. घरातली एकुलती एक गाडी हीच असणार आणि तिने दिवाळीला चौघांना सामानासकट कोल्हापूरला न्यावं अशी अपेक्षा असेल, तर घेऊ नका. आणि कोरमंगला, इंदिरानगर, कोथरूड किंवा पार्ले, कुठेही राहत असलात तरी चाचणीसाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून परत देऊ नका. संध्याकाळी सहा वाजता, आपल्याच गल्लीत, आपल्याच तळघराच्या कप्प्यात ती एकदा लावून पाहा, आणि मगच ठरवा.